पस्तीस ग्रॅमचा संशय

दुकानातून भोकाभोकांच्या खोक्यात घालून आणलेला बजरीगर पिंजऱ्यात सोडला, की तो आपल्यापासून सगळ्यात लांबची दांडी गाठतो. पिसं अंगाला इतकी घट्ट चिकटलेली असतात, की मघाशी गुबगुबीत दिसणारा पक्षी आता अर्धाच वाटतो. मान ताणलेली, डोळा वाटोळा, हालचाल शून्य. पाणी बदलायला हात आत घातला की एकच धडपड होते, पंख जाळीवर आपटतात आणि दाण्यांची टरफलं खोलीभर उडतात. मुलं हिरमुसतात. "हा तर आपल्याला घाबरतो!"

घाबरतो, आणि त्याचं काहीच चुकत नाही. साठ किलोचा माणूस म्हणजे त्याच्या सुमारे सतराशे पट वजनाचा प्राणी. त्या प्राण्याचे दोन्ही डोळे शिकारी जनावरासारखे समोर रोखलेले असतात आणि तो पाच बोटांचा पंजा त्याच्या दिशेने आणत असतो. ह्या प्रसंगी जो पक्षी घाबरत नाही, त्याच्या वंशात फारशी पिल्लं जगत नाहीत.

नवल पुढे आहे. ह्याच पक्ष्याला नीट वेळ दिला, तर तो एके दिवशी त्याच हाताच्या बोटावर येतो, पिसं सैल सोडतो, एक पाय पोटात ओढून घेतो आणि डोळे मिटतो. लाखो वर्षांत घडलेली सावधगिरी एका विशिष्ट हातापुरती बाजूला ठेवायचं त्याने ठरवलेलं असतं. हा निर्णय घेणाऱ्या सबंध पक्ष्याचं वजन असतं तीस ते चाळीस ग्रॅम. हे त्याला जमतं कसं?

पळण्याचा हिशेब

आपल्याकडे दुकानात सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकला जाणारा हा पक्षी मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. रानातला बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, राखाडी रंग पिंजऱ्यातल्या पैदाशीत निवडून वाढवलेले. पाऊस कुठे झाला, गवत कुठे दाण्यावर आलं, ह्याच्या मागावर त्यांचे हजारोंचे थवे भटकत असतात. जॉन गूल्ड ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून तो जगभर घराघरांत शिरला. कुत्र्याला माणसाच्या संगतीची हजारो वर्षं मिळाली. बजरीगरला अजून दोनशेही झालेली नाहीत. तो पिंजऱ्यात जन्मलेला असला, तरी त्याचं अंग आणि मन अजून ससाण्याच्या सावलीत वावरणाऱ्या पाखराचंच आहे.

(आपला लाल चोचीचा हिरवा पोपट इथे मुद्दाम घेतलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. त्याचा विश्वास कमवायचा तर तो झाडावर असतानाच.)

भित्रा पक्षी आंधळेपणाने पळतो, असं आपल्याला वाटतं. पण पळणं फुकट पडत नाही. दर खसफसाटाला उडणाऱ्या पक्ष्याच्या पोटात दाणा पडणार कधी? १९८६ मध्ये रॉन यडेनबर्ग आणि लॅरी डिल ह्या संशोधकांनी एक साधा विचार मांडला. शत्रू दिसताक्षणी प्राणी पळत नाही. तो त्याच्यावर नजर ठेवतो, आणि थांबण्यातला धोका पळण्यातल्या तोट्याहून मोठा झाला, की त्या अंतरावर पळतो. भीतीला असं मोजता येणारं अंतर असतं, आणि ते अनुभवाने कमी-जास्त होतं.

ते कमी कसं होतं, ह्याचा एक सुरेख धागा जुन्या प्रयोगांत सापडतो. १९३०च्या दशकात निको टिनबर्गेन आणि कॉनराड लॉरेन्झ ह्यांनी पुठ्ठ्याची एक आकृती पक्ष्यांच्या डोक्यावरून सरकवली. ती एका दिशेने नेली की लांब मानेचं हंस-बदक वाटावं आणि उलट दिशेने नेली की आखूड मानेचा, लांब शेपटीचा ससाणा. ससाण्याच्या दिशेने नेली की पक्षी जास्त घाबरत. मग ससाण्याचा आकार पक्षी जन्मतःच ओळखतात की काय, अशी मोठी चर्चा झाली. पुढे वोल्फगांग श्लाइट ह्यांनी टर्कीच्या पिल्लांवर हेच करून पाहिलं तेव्हा उलगडा वेगळाच निघाला. जी आकृती रोज डोक्यावरून जाते तिला पिल्लं सरावतात. जी क्वचित जाते तिला दचकतात. रानात बदकांचे थवे सतत उडत असतात आणि ससाणा कधीमधी येतो. ससाण्याची दहशत बरीचशी त्याच्या दुर्मिळपणात होती!

म्हणजे पक्ष्याच्या विश्वासाची पहिली पायरी प्रेमाची नसून कंटाळ्याची आहे. आपण त्याच्या जगातली रोजची, बिनमहत्त्वाची, कंटाळवाणी वस्तू व्हायचं.

मागे सरण्याची विद्या

कंटाळवाणं होणं ऐकायला सोपं वाटतं, पण उत्साही माणसाला ते सगळ्यात जड जातं. पिंजरा छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकवून ठेवावा. म्हणजे चारही दिशांना लक्ष ठेवायची जबाबदारी पक्ष्यावर राहत नाही. मग लांब खुर्ची टाकून, त्याच्याकडे अंग तिरपं करून वर्तमानपत्र वाचत बसावं, भाजी निवडावी, फोनवर बोलावं. टक लावून मात्र बघू नये. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २००८ मध्ये साळुंकीच्या जातकुळीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांना खाणं ठेवून पाहिलं. माणूस तिथेच, तितक्याच अंतरावर उभा. फरक फक्त त्याच्या नजरेचा. नजर खाण्यावर रोखलेली असेल तर पक्षी यायला जास्त वेळ लावत, दुसरीकडे असेल तर लवकर येऊन जास्त खात. आपण कुठे बघतोय, हे पक्षी बघत असतो.

हळूहळू खुर्ची पुढे सरकते. कुठे थांबायचं हे पक्षी सांगतो, फक्त वाचता आलं पाहिजे. तो दाणा फोडत होता आणि थांबला, पिसं आवळली, मान वर गेली, अंग उडायच्या बेतात पुढे झुकलं. ही त्याची हद्द. तिथे पाय थबकला पाहिजे. घाईत एक पाऊल पुढे टाकलं तर फडफडाट होतो, आपण दचकून मागे होतो, आणि पक्षी एक धडा शिकतो: फडफडलं की हे जनावर पळतं. उद्या तो लवकर फडफडेल.

हद्दीवर थांबलं तर थोड्या वेळाने काहीतरी सैल पडतं. तो अंग झटकतो, पिसं फुलवून पुन्हा बसवतो, वाटीकडे बघतो, एखादा दाणा उचलतो. नेमक्या ह्या क्षणी बहुतेक जण खुशीत पुढे जातात. जायला हवं मागे. एक-दोन पावलं, शांतपणे.

ह्यात पक्ष्याच्या हाती फार मोठी गोष्ट लागते. मी स्वस्थ बसलो की ते मोठं जनावर लांब जातं, हे त्याला कळतं. त्याच्या शांतपणाने त्याने आपल्याला हलवलं! घाबरलेल्या जिवाला त्या घडीला सर्वांत हवी असलेली गोष्ट दाणा नसते, जागा असते. ती जागा बक्षीस म्हणून वापरता येते, हे प्राण्यांना शिकवणाऱ्यांना आता चांगलं ठाऊक आहे. काही दिवसांतच अंतर आपोआप घटतं, कारण ज्या गोष्टीला आपण घालवू शकतो तिला तातडीने घालवायची गरज उरत नाही.

दाण्याची पाळी त्यानंतर. ह्या वाटेवरचं एक जुनं पाऊल पक्ष्याचं नाही, एका लहान मुलाचं आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडीचं काही खात असताना ससा पिंजऱ्यातून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आणायचा, आणि पीटरचं खाणं थांबणार नाही इतपतच रोज जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. जोन्सबाईंनी एक इशाराही देऊन ठेवला: हे काम नाजूक आहे, निष्काळजीपणे केलं तर उलटंही घडेल. ससा फार लवकर जवळ आणला तर सशाची गोडी लागायच्या ऐवजी खाण्याचीच भीती बसेल. मूठभर दाणे घेऊन थेट पिंजऱ्यात हात घालणाऱ्या प्रत्येकाने हा इशारा वाचायला हवा.

बजरीगरसाठी ह्या कामाला राळ्याच्या कणसासारखी दुसरी वस्तू नाही. पक्ष्यांच्या दुकानात ते कांगणीचं कणीस म्हणून मिळतं. त्याचा खरा गुण चवीइतकाच लांबीत आहे. कणसाचं एक टोक आपल्या हातात, दुसरं वीतभर पलीकडे. पहिल्या दिवशी पक्षी पाय तिथेच ठेवतो आणि फक्त मान लांबवतो, जमेल तेवढी, शेपटी मागे उचलून तोल सांभाळत. अगदी टोकाचा एक दाणा ओढतो आणि झटकन मागे होतो. चोचीत तो दाणा फिरतो, जाड जीभ त्याला उलटासुलटा करते, टरफल बाजूला गळून पडतं. ह्या सगळ्या वेळात एक डोळा आपल्यावर असतो. मग पुन्हा मान लांबते. पुढे कणीस खाऊन खाऊन आखूड होत जातं आणि त्याच्या नकळत चोच बोटांजवळ येत जाते.

ह्यासाठी त्याला उपाशी ठेवायची युक्ती काही जण सुचवतात. ती मुळीच वापरू नये. इतक्या लहान देहात साठा नसतोच. थोडी उपासमारही जिवावर बेतू शकते. नेहमीची वाटी भरलेलीच असावी. राळ्याचं कणीस तेवढं वाटीत न मिळता हातातूनच मिळावं, म्हणजे झालं.

गप्प बसलेला पक्षी

आता ह्या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज. "पहिल्याच दिवशी धरून बसलो, थोडा वेळ चावला, मग एकदम शांत झाला," असं सांगणारी माणसं भेटतात. पक्षी शांत झालेला असतो का?

१६४६ मध्ये अथानासियस किर्शर ह्या जर्मन जेझुइट विद्वानाने कोंबडीवरचा एक 'अद्भुत प्रयोग' आपल्या ग्रंथात नोंदवला. पाय बांधलेल्या कोंबडीला जमिनीवर दाबून धरायचं, तिच्या चोचीपुढे खडूची रेघ ओढायची आणि पाय सोडायचे. कोंबडी निपचित पडून राहते. किर्शरला वाटलं, ती रेघेलाच दोरी समजते. आज आपल्याला कळतं, की रेघेचा काही संबंध नाही. शिकाऱ्याच्या तावडीत पूर्ण सापडल्यावर अनेक प्राण्यांचं शरीर हा शेवटचा डाव टाकतं: निश्चल होणं. कदाचित शिकारी पकड सैल करेल, कदाचित संधी मिळेल. मुठीत 'शांत' झालेला पक्षी बऱ्याचदा ह्याच अवस्थेत असतो. बाहेरून दगड, आतून काळीज धडधडत असलेला.

रोज तेच घडत राहिलं तर? १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर ह्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की ज्या प्राण्यांना त्रास टाळण्याचा काहीही उपाय मिळाला नाही, ते पुढे उपाय समोर असतानाही धडपड करत नाहीत. हार मानणं ते शिकतात, असं तेव्हा मांडलं गेलं. पण ह्या कथेचा खरा धक्का जवळजवळ पन्नास वर्षांनी आला. मेंदूवरचं, मुख्यतः उंदरांवर झालेलं काम हाताशी घेऊन ह्याच दोघांनी २०१६ मध्ये लिहिलं, की आपण उलटं समजलो होतो. दीर्घ त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: आपल्या करण्याने फरक पडतो, ही. ते एकदा मेंदूला कळलं, की तो हातपाय गाळण्याची यंत्रणा स्वतःच दाबून धरतो, आणि पुढच्या संकटातही ते बळ उरतं.

बजरीगरच्या पिंजऱ्यापुढे बसून हे वाचलं की आधीच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागतो. हद्दीवर थांबलो, त्याने पिसं सैल केल्यावर मागे सरलो, कणीस पुढे केलं आणि त्याने मान फिरवली तेव्हा ते परत घेतलं. प्रत्येक वेळी त्याने 'नको' म्हटलं आणि ते चाललं. विश्वास ह्या 'नको'तून उगवतो. ज्याचं 'नको' ऐकलं जातं, त्यालाच 'हो' म्हणून बघायची हिंमत होते.

म्हणूनच माणसाळवण्यासाठी पंख कापण्याचा जो रिवाज आहे, तो मुळावरच घाव घालतो. उडून जाणं हे पक्ष्याचं सर्वांत स्पष्ट 'नको' आहे. तेच काढून घेतल्यावर तो बोटावर बसला, तर तो आपल्यावर विश्वास टाकून बसला की नाइलाजाने, हे कळायला मार्गच उरत नाही. पंख शाबूत असलेला पक्षी बाहेर सोडायचा तर कामं आपण करायची. छताचा पंखा आधी बंद, खिडक्यांना जाळी, आरशावर कापड. आणि स्वयंपाकघराचं दार लावलेलं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो, कारण पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतलं सगळं आपल्यापेक्षा फार कार्यक्षमतेने शोषून घेते.

तिसरा पाय

कणीस आखूड झालं, चोच बोटाला लागू लागली, की बोटावर बसण्याची वेळ येते. बोट आडवं, पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या जरा वर. आणि इथे, अगदी शेवटच्या पायरीवर, खूप जणांचं काम फिसकटतं. पक्षी पाय उचलायच्या आधी वाकतो आणि बोट चोचीत धरतो. माणूस ओरडतो, "चावला!" आणि हात ओढून घेतो.

तो चावत नसतो. पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांची चोच हा अक्षरशः तिसरा पाय असतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये खऱ्या लव्हबर्डना उभ्या पट्टीवर चढायला लावून चोचीचा जोर मोजला. चढताना चोच नुसती आधाराला नव्हती. अंग वर ओढण्यात तिचा वाटा पायांच्या तोडीचा होता. नव्या फांदीवर पाय ठेवण्यापूर्वी ती भार पेलेल का, हे पक्षी चोचीने चाचपतो. आपलं बोट त्याच्यासाठी अशीच एक अनोळखी फांदी आहे. नेमक्या त्या क्षणी हात मागे घेतला, तर त्याने काढलेला निष्कर्ष अगदी शास्त्रीय ठरतो: ही फांदी भरवशाची नाही.

हात न हलवण्याला आणखी एक कारण आहे. पक्ष्यांच्या पायांत, हाडांच्या लगत, कंपन टिपणारी अतिसूक्ष्म संवेदी इंद्रियं असतात. रात्री झाडाच्या खोडावरून काही वर चढू लागलं, तर फांदीवर झोपलेल्या पाखराला ते पायांतून कळू शकतं. आपल्या बोटाचा आपल्यालाही न जाणवणारा थरथराट त्याला जाणवत असणार. म्हणून मनगट टेबलाला टेकवून बसावं. चोच बोटाला लागते, थोडी दाबते, कोरडी, खरखरीत जीभ कातडीवरून फिरते. मग एक पाय येतो. नखं टोचत नाहीत, गुदगुल्या करतात. थोडा वेळ तो पाय तसाच असतो, भार अजून दांडीवरच्या पायावर. आणि मग दुसरा.

आवाज आणि चेहरा

बजरीगरच्या जगात ओळख आवाजाने पटते. हजारोंच्या थव्यात प्रत्येकाची एक संपर्काची हाक असते. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत २००० च्या सुमारास दिसून आलं, की नर-मादीची जोडी जमली की काही आठवड्यांत नर आपली हाक बदलतो आणि मादीच्या हाकेची नक्कल करू लागतो. कोणाशी आपलं जमलं आहे, ते तो तिच्या आवाजात बोलून सांगतो.

घरातल्या बजरीगरच्या 'बोलण्या'कडे ह्या नजरेने पाहावं. कॅलिफोर्नियातल्या 'पक' नावाच्या बजरीगरच्या खात्यात गिनीज बुकाने १,७२८ शब्द जमा केले होते. इतका खटाटोप तो कशासाठी करत असेल? आपल्या थव्यात त्याला माणसंच मिळाली, तर हाक माणसांचीच शिकावी लागणार. म्हणून पिंजऱ्याजवळ जाताना दर वेळी तेच दोन शब्द, त्याच सुरात म्हणावेत. "आले रे," किंवा "पाणी बदलते हं." पुढे काय होणार हे ज्याला आधी कळतं, त्याला दचकावं लागत नाही.

पक्षी चेहरेही विसरत नाहीत. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ ह्यांच्या चमूने २००६ मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करून अंगावर येत. ज्यांना कधी पकडलंच नव्हतं, तेही त्यांचं पाहून शिकले. २०१२ मध्ये त्यांनी कावळ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. पकडणाऱ्याचा चेहरा दिसला की भीतीशी निगडित भाग जागे होत. रोज खाऊ घालणाऱ्याचा दिसला की वेगळेच, इच्छा-प्रेरणेशी निगडित भाग. बजरीगर काही कावळा नव्हे, पण ह्यातून घेण्यासारखी व्यावहारिक गोष्ट आहे: औषधासाठी किंवा नखांसाठी पक्ष्याला धरावं लागलंच, तर ते ज्याच्या बोटावर तो बसतो त्याने करू नये. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तो वाईटपणा घ्यावा.

विश्वास बसला हे ओळखायच्या खुणा गाजावाजा करत नाहीत. सांजवेळी तो चोचीच्या दोन्ही पात्या एकमेकींवर घासतो, बारीक किरकिर ऐकू येते. ती झोपेआधीच्या स्वस्थपणाची. तो आपल्यासमोर पिसं साफ करतो, म्हणजे नजर आपल्यावरून काढायची जोखीम घेतो. बजरीगरांना एकमेकांची जांभई लागते, असंही २०१५ मध्ये प्रयोगातून दिसलं. सस्तन प्राण्यांबाहेर असं प्रथमच आढळत होतं. आणि फ्रान्समधल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये मकाव पोपटांचं निरीक्षण करून नोंदवलं, की ओळखीचा सांभाळणारा त्यांच्याकडे बघून बोलत असला, की त्यांच्या डोक्यावरची पिसं फुलतात आणि गालांच्या उघड्या कातडीवर लाली चढताना जास्त वेळा दिसते. लाजणं हे आपलं एकट्याचं नाही तर!

भीती जाते कुठे?

इतकं सगळं जमल्यावर एक दिवस गावाहून मामा येतात. डोक्यावर टोपी, झुपकेदार मिशा, हातात पिशवी, आवाज खणखणीत. "बघू तुमचा पोपट!" म्हणून ते पुढे होतात आणि आपल्या खांद्यावर निवांत बसलेला बजरीगर किंचाळून पडद्याच्या दांडीवर जातो. एवढंच काय, आपणच ओले केस टॉवेलात गुंडाळून आलो, तरी तो आपल्याला ओळख देत नाही. सगळे कष्ट वाया गेले असं वाटतं.

तसं नसतं. शिकलेली प्रतिक्रिया पुसली जात नाही, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव ह्यांच्याही लक्षात आलं होतं. विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परत डोकं वर काढते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन ह्यांनी पुढे अनेक वर्षं ह्यावर काम करून दाखवलं, की भीती विझते तेव्हा जुनी आठवण जागेवरच राहते आणि तिच्या शेजारी एक नवी आठवण लिहिली जाते. ही नवी आठवण जागेला, प्रसंगाला बांधलेली असते. ह्या खोलीत, ह्या माणसाकडून, अशा वेळी धोका नाही. खोली बदलली, टोपी आली, की जुनी आठवण पुन्हा वर.

तेव्हा अशा दिवशी त्याच्यामागे धावू नये. मामांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, टोपी बाजूला ठेवायला सांगावं आणि पक्ष्याकडे न बघता गप्पा मारायला लावावं. त्यांची हद्द वेगळी मोजावी लागेल, आपली जुनी मोजणी त्यांच्या कामाला यायची नाही. बिघडलंच तर एक-दोन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करावी. दुसऱ्या खेपेला वाट लवकर सरते.

'पक्षी माणसाळला' असं आपण अभिमानाने म्हणतो, जणू त्याच्यातलं रान आपण काढून टाकलं. त्यातलं काहीच गेलेलं नसतं. ससाण्याचा संशय, पळण्याचा हिशेब, रात्री पायांतून ऐकणं, सगळं जसंच्या तसं असतं. धोक्यांच्या त्या लांबलचक यादीतून त्याने फक्त एक नाव खोडलेलं असतं, तेही पेन्सिलीने. ते पुन्हा लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, आणि तो वापरायची वेळ त्याच्यावर येऊ न देणं एवढंच काय ते आपल्या हातात.